सिलिॲक आहे, मग कॅफेत बसून प्यायचं काय?

मागच्या वेळी पोळी-भाकरीचे प्रश्न घेतले होते, त्यानंतर जी पत्रं आली त्यातली निम्मी प्यायच्या गोष्टींबद्दल होती, चहा, कोल्ड कॉफी, ताक, ऑफिसचं मशिन, म्हणून यावेळी फक्त तेच घेतेय. नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगते. सिलिॲक म्हणजे गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं, ही ॲलर्जी नाही, आणि याला आजतरी एकच उपाय आहे, ग्लुटेन आयुष्यभर पूर्ण बंद. मी डॉक्टर नाही. मला हा आजार निघून अकरा वर्षं झाली आणि त्या अनुभवावरून लिहितेय, औषध आणि तपासण्यांचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारायचं.

प्रश्न : ताई, मी १९ वर्षांची आहे, पुण्यात कॉलेजला. सहा महिन्यांपूर्वी एंडोस्कोपी होऊन सिलिॲक निघालं. आमचा सगळा ग्रुप लेक्चर संपलं की फर्ग्युसन रोडवर कॅफेत बसतो. मी पाण्याची बाटली घेऊन बसते, सगळे म्हणतात अगं कॉफीत कुठे गहू असतो, आणि मला नीट उत्तर देता येत नाही. मग मी हल्ली जायचंच टाळते. कॉफी चालते का नाही?

चालते गं. कॉफीच्या बीमध्ये ग्लुटेन नाही, दुधात नाही, साखरेत नाही, चहाच्या पत्तीत नाही. एस्प्रेसो, अमेरिकानो, साधी कॅपुचिनो, साधी लाटे, कोल्ड ब्रू, हे सगळं मुळात तुझंच आहे. तुझ्या मैत्रिणी म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं कॉफीत नसतं, कॉफीच्या आजूबाजूला असतं, आणि ते तुला बघायला शिकायचंय.

माझं सांगते. आजार निघाल्यावर दीड वर्ष मी घरात गव्हाचा कणही येऊ दिला नव्हता, वेगळा तवा, वेगळं लाटणं, सगळं, तरी माझा टीटीजी, म्हणजे सिलिॲकसाठी रक्तात बघतात तो आकडा, खाली येईना. डॉक्टर दर वेळी विचारायचे बाहेर काय खाता, मी म्हणायचे काहीच नाही, आणि ते खरंच होतं, खात काहीच नव्हते. ऑफिसजवळच्या एका कॅफेत रोज दुपारी कोल्ड कॉफी मात्र प्यायचे. एक दिवस गर्दी होती म्हणून काउंटरच्या कडेला उभी राहिले तर समोर दिसलं, त्या मुलाने माझ्या आधीच्या गिऱ्हाइकासाठी चॉकलेट बिस्किटांचा शेक फिरवला, जार नळाखाली धरला, एक हिसका दिला, पाणी ओतून टाकलं आणि त्याच जारमध्ये माझं दूध ओतलं. जारच्या तळाशी पात्याखाली जी रबराची रिंग असते ना, तिच्या कडेने काळा चुरा चिकटलेला मला तीन फुटांवरून दिसत होता. त्या मुलाची काही चूक नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, मीही नव्हतं सांगितलं. त्या दिवसापासून मिक्सरमधलं पेय बाहेर बंद केलं आणि पुढच्या दोन तपासण्यांत आकडा उतरत गेला.

म्हणून माझा पहिला नियम, कॅफेत फिरवलेलं पेय घ्यायचं नाही. फ्रापे, शेक, स्मूदी, जार ज्याला लागतो ते सगळं. अगदी घ्यायचंच असेल तर जार आणि पातं खोलून साबणाने धुवून देणार का असं विचारायचं, आणि गर्दीच्या वेळी ते हो म्हणाले तरी स्वतः उभं राहून बघायचं. त्यापेक्षा बर्फावर ओतलेली कॉफी घे, आइस्ड अमेरिकानो किंवा आइस्ड लाटे, तिला जार लागत नाही.

दुसरं म्हणजे वरून काय पडतं ते. कॅपुचिनोच्या फेसावर जी चॉकलेट पावडर भुरभुरतात ती नुसता कोको असेल तर प्रश्न नाही, पण लहान ठिकाणी सरळ माल्टवाली पावडर टाकतात, आणि माल्ट म्हणजे जव. वेफरची काडी, कुकीचा चुरा, ब्राउनीचे तुकडे, हे तर दिसतंच. न दिसणारं म्हणजे बशी. कप आला की बशीत कपाला टेकून एक छोटं बिस्किट ठेवलेलं असतं, आपण ते बाजूला काढून ठेवतो आणि वाटतं झालं, पण कपाची ओली कड त्याला लागलेली असते आणि तोच कप आपण ओठाला लावतो. ऑर्डर देतानाच सांगायचं, बशीत बिस्किट नको.

आता विचारायचं कसं, कारण खरी अडचण इथेच येते. 'ग्लुटेन-फ्री आहे का' असं विचारू नकोस. काउंटरवरच्या मुलाला ग्लुटेन म्हणजे साखर वाटते, कुणाला व्हिगन वाटतं, कुणाला डाएटचं फॅड वाटतं, आणि तो मनापासून 'हो मॅडम' म्हणतो. नावं घेऊन विचार. 'मला गहू, मैदा, रवा, जव आणि माल्ट यातलं काहीच चालत नाही, चुरासुद्धा नाही, आतड्याचा आजार आहे.' बरीच मुलं बाहेरगावची असतात, त्यांना हिंदीत, 'भैया, गेहूँ, मैदा, सूजी, जौ, कुछ भी नहीं चलता, बीमारी है.' मैदा म्हटलं की कुणालाही कळतं. आणि 'आहे का' म्हणण्यापेक्षा 'डबा दाखवाल का' म्हण, सिरपची बाटली, चॉकलेटचा डबा, लोक दाखवतात गं, मला अकरा वर्षांत नाही म्हणणारे फार थोडे भेटले.

आणि जायचं टाळू नकोस. एक-दोन ठिकाणं ठरव, दुपारी गर्दी नसताना एकदा एकटी जा, तिथल्या मुलांशी बोलून घे, मग ग्रुपला तिथेच ने. तिसऱ्या वेळी ते तुला बघूनच बिस्किट काढून ठेवतात.

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा, सिलिॲक. शाळेतली सगळी मुलं दुधात पावडर घालून पितात, याला साधं दूध घशाखाली उतरत नाही. बाजारातली कुठली पावडर द्यावी? - एक आई, नाशिक

हॉर्लिक्समध्ये गहू आणि जव दोन्ही असतात, बोर्नव्हिटात माल्ट असतं, मायलोतही जवाचं माल्ट असतं, त्यामुळे ही नेहमीची नावं बाद. डब्याच्या मागे साहित्याच्या यादीखाली ॲलर्जीची ओळ असते, तिथे गहू, जव, ओट्स यांची नावं कंपनीला लिहावी लागतात, ती ओळ आधी वाचायची. एक गोष्ट लक्षात ठेवा, माल्ट आणि माल्टोडेक्सट्रिन एक नाही. माल्ट किंवा माल्ट एक्स्ट्रॅक्ट दिसलं तर डबा खाली ठेवायचा, माल्टोडेक्सट्रिन हा स्टार्चवर प्रक्रिया करून केलेला पदार्थ आहे, त्याला घाबरायचं कारण नाही.

मी माझ्या भाच्यांना साधा कोको, गूळ आणि चिमूटभर वेलची घालून देते, त्यांना ग्लुटेनचं काही नाही तरी तेच मागतात. नाचणीचं सत्त्वही छान, दुकानातल्या 'नाचणी माल्ट'मध्ये माल्ट म्हणजे मोड आलेली नाचणी असते, जव नव्हे, तरीपण यादीत दुसरं धान्य नाही ना बघा. आणि नाचणी गिरणीतून दळून आणू नका हो. आधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात, जात्यात आणि डब्यात ते पीठ असतंच, गिरणीवाले काका कितीही चांगले असले तरी. घरी मिक्सरवर काढा किंवा ग्लुटेन-फ्री लिहिलेलं पाकीट घ्या.

प्रश्न : हिंजवडीत नोकरी. ऑफिसच्या मशिनमधला चहा सुरक्षित आहे का? बटणं चार आहेत, चहा, कॉफी, बदाम दूध आणि हॉर्लिक्स.

चौथं बटण आहे ना, तेच उत्तर. या मशिनमध्ये पावडरीचे डबे आत वेगळे असले तरी बऱ्याच मशिनमध्ये पावडर आणि गरम पाणी एकत्र होणारी वाटी आणि खाली यायची नळी एकच असते, त्यामुळे तुमच्या आधी कुणी हॉर्लिक्स घेतलं तर त्याचा राहिलेला थेंब तुमच्या कपात. काही मशिनमध्ये सूपचंही बटण असतं, सूपमध्ये मैदा असू शकतो. ॲडमिनला सांगून मशिन भरणाऱ्या माणसाला एकदा उघडून दाखवायला लावा, नळ्या वेगळ्या असतील तर चहाच्या प्रीमिक्सचं पाकीट वाचा आणि प्या. एकच असेल तर त्याच मशिनमधून नुसतं गरम पाणीसुद्धा घेऊ नका, पॅन्ट्रीतल्या किटलीतलं घ्या, डिप टी आणि दुधाचं सॅशे ड्रॉवरमध्ये ठेवा. मी तर ठेवणीतला कपही माझा ठेवायचे, झाकणाचा, कारण पॅन्ट्रीत सगळे टोस्ट बुडवून खातात आणि एकाच स्पंजने कप घासले जातात.

टपरीवरच्या अमृततुल्यचंही तसंच आहे, चहा स्वतः चांगला, दूध, साखर, पत्ती, आलं-वेलची, पण काचेचे ग्लास ज्या बादलीत विसळतात त्यात खारी आणि क्रीमरोलचा चुरा तरंगत असतो. कागदी कपात मागा. आणि हल्ली ते बिस्किटाचे कप निघालेत, चहा पिऊन कपच खायचा, त्यापासून मात्र लांब.

प्रश्न : ओट मिल्क घेतलं तर चालेल ना? दूधही पचत नाही मला. - एक वाचक, वांद्रे

ओट्समध्ये गव्हासारखं ग्लुटेन नसतं, त्यातलं प्रथिन वेगळं आहे, आणि शुद्ध ओट्स बहुतेक सिलिॲक लोकांना चालतात, थोड्यांना तेही चालत नाहीत. पण शुद्ध मिळणं हाच प्रश्न आहे, शेतात, ट्रकमध्ये, गिरणीत ओट्स गव्हाच्या सोबतीनेच फिरतात. आपल्याकडच्या एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमात तर ओट्स थेट ग्लुटेनवाल्या धान्यांच्या यादीत आहेत. कॅफेत कुठल्या कंपनीचं ओट मिल्क आहे त्याचा खोका बघितल्याशिवाय घेऊ नका, आणि सर्टिफाइड असलं तरी आधी डॉक्टरांशी बोला. बदामाचं, नारळाचं किंवा सोयाचं दूध घ्या.

पण तुमच्या पत्रामुळे एक वेगळीच गोष्ट लिहायची संधी मिळाली. तुम्ही ओट मिल्क घेत नसलात तरी शेजारचा घेतोय. दूध फेसाळायची जी स्टीलची नळी असते मशिनला, ती ओट मिल्कमध्ये बुडवून मग तुमच्या दुधात बुडवतात, मध्ये एकाच ओल्या फडक्याने पुसतात, दिवसभर तेच फडकं. नळीवर पांढरा थर वाळलेला दिसला तर समजा. मी सांगते, नळीतून आधी वाफ सोडा, स्वच्छ कपड्याने पुसा आणि पिचर धुतलेलं घ्या. चांगल्या कॅफेत हे शिकवलेलंच असतं, आठवण केली तर कुणाला राग येत नाही. तेवढंही नको वाटलं तर काळी कॉफी घ्या आणि थंड दूध बाजूला मागा.

प्रश्न : कॉफीचं जाऊ दे, आमच्याकडे कॅफे नाहीत फारसे. बाहेर मसाला ताक किंवा जलजीरा प्यायलो की मला त्रास होतो, ताकात काय असणार? - एक वाचक, सांगोला

हिंग.

हे मला कळलं तेव्हा मीही अशीच चक्रावले होते. आपण जो डबीतला हिंग वापरतो तो नुसता हिंग नसतो, शुद्ध हिंग इतका उग्र असतो की तो पिठात आणि डिंकात मिसळून विकतात, डबीवर 'बांधानी हिंग' किंवा कंपाउंडेड असं लिहिलेलं असतं, आणि ते पीठ बऱ्याच वेळा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. यादीत पहिलंच नाव पिठाचं असलेल्या डब्या मी हातात घेऊन बघितल्यात. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो, घरी तोच आणा. ताकाच्या मसाल्यात, जलजीऱ्यात, पाणीपुरीच्या पाण्यात, कैरीच्या आंबटगोड सरबताच्या मसाल्यातसुद्धा तो असू शकतो. तुमचा त्रास हिंगानेच होतोय असं मी इथून सांगू शकत नाही, पण पंधरा दिवस बाहेरचं ताक बंद करून घरी तांदळाच्या हिंगाचं, किंवा नुसतं जिरं-मीठ-कोथिंबिरीचं करून बघा.

उन्हाळा आहे म्हणून अजून सांगते. कोकम सरबत, आवळा, लिंबू, उसाचा रस, शहाळं, पन्हं, पियूष, हे मुळात ग्लुटेनचं नाहीच. सोलकढीला फोडणी दिली असेल तर हिंग विचारा. मस्तानी घ्यायची तर आइस्क्रीमचा फ्लेवर साधा आणि चमचा धुतलेला, कारण स्कूपचा चमचा बिस्किटवाल्या आइस्क्रीममधून फिरून आलेला असतो. सातूचं पीठ मात्र बंद, आपल्याकडे सातू म्हणजे जव, आणि पिठात भाजलेले गहूही घालतात. बिहारकडचं चण्याचं सत्तू वेगळं, ते पाकीट वाचून घेता येईल. आणि जव-जवस गोंधळ करू नका, जवस ही तेलबी आहे, चटणी खुशाल खा.

प्रश्न : नवऱ्याच्या नोकरीमुळे मिलानला आलोय. इथे प्रत्येक बारमध्ये 'ऑर्झो' नावाची कॉफी दिसते, कॅफिन नाही म्हणून मुलीला दिली तर चालेल का? तिला सिलिॲक आहे.

अजिबात नको. ऑर्झो म्हणजे इटालियनमध्ये जव, ती भाजलेल्या जवाचीच कॉफी आहे. साध्या एस्प्रेसोच्याच मशिनवर ऑर्झोही काढत असतील तर विचारून घ्या. एक चांगली बातमी, इटलीत हा आजार लोकांना माहीत आहे, 'चेलियाका' आणि 'सेन्झा ग्लुतिने' एवढे दोन शब्द पुरतात, तिथल्या सिलिॲक संघटनेने शिकवून तयार केलेली हॉटेलं आणि कॅफे आहेत, त्यांची यादी घरात लावून ठेवा. आपल्याकडे हे व्हायला हवं, मला मनापासून वाटतं.

प्रश्न : सासूबाई म्हणतात एका घोटाने काय होतंय. पाहुण्यांकडे गेलं की आग्रह करतात, चहाबरोबर एखादं बिस्किट घेतलंस तर मरणार नाहीस. मला लगेच काही त्रासही होत नाही, त्यामुळे मी खोटी पडते. काय सांगू? - एक सून, सातारा

तुम्ही खोट्या नाही. सिलिॲकमध्ये त्रास जाणवला नाही म्हणजे आतड्याला लागलं नाही असं होत नाही, आत ज्या बारीक लोंब्यांसारख्या रचना अन्न शोषून घेतात त्या गुपचूप झिजत जातात, आणि मग लोह कमी, हाडं ठिसूळ, थकवा, आणि आपण म्हणत बसतो वयामुळे असेल.

सासूबाईंना हिशोब करून दाखवा, आईंना हिशोब पटतो असा माझा अनुभव आहे. एक छोटं गोल बिस्किट साधारण पाच ग्रॅमचं, त्यात तीन ग्रॅम मैदा धरा, त्यातलं आठ टक्के ग्लुटेन, म्हणजे दोनशेच्या वर मिलीग्रॅम. दिवसाला ५० मिलीग्रॅमने आतड्याला इजा होते हे अभ्यासात दिसलंय, आणि साधारण १० मिलीग्रॅमच्या आत राहावं असं सांगतात. म्हणजे त्या एका बिस्किटाचे पंचवीस तुकडे केले तर त्यातला एक. ग्लुटेन-फ्री लिहायला आपल्याकडे किलोमागे २० मिलीग्रॅमची मर्यादा आहे, ती का इतकी कडक, ते यावरून कळतं. ताटात बिस्किट बोटाने कुस्करून एक तुकडा वेगळा काढून दाखवा, शब्दांपेक्षा ते लवकर पोचतं. माझ्या आईला मी असंच दाखवलं होतं, ती बराच वेळ त्या तुकड्याकडे बघत बसली आणि दुसऱ्या दिवशी तिने माझ्या चहाचं गाळणं वेगळ्या खिळ्याला अडकवलं.

आणि पाहुण्यांकडे आग्रह झाला तर यजमान बाईंना आत स्वयंपाकघरात जाऊन सांगा, चारचौघांत नको. 'काकू, मला फक्त चहा द्या, तुमच्या हातचा, बिस्किट डॉक्टरांनी बंद केलंय.' डॉक्टरांचं नाव घेतलं की आग्रह थांबतो, आणि चहा प्यायला म्हणून मानही राहतो.

प्रश्न : फिल्टर कॉफीत चिकोरी असते, ती चालते का? - माटुंगा

चालते. चिकोरी हे एका झाडाचं मूळ आहे, भाजून दळलेलं, धान्य नाही. फक्त पाकिटावर कॉफी आणि चिकोरी सोडून तिसरं नाव नको. तुमच्याकडे तर स्टीलच्या डबऱ्यात गरमागरम मिळते, इडलीबरोबर घ्या, आणि सांबारात हिंग कुठला ते तेवढं विचारा.